तुम्ही विचारलंत म्हणून: अठरा सेंटिमीटरची अँबॅसिडर

"एवढी मेहनत घेऊन लोकांना फसवायचं कशाला?" लग्नात, बेळगावच्या खडेबाजारात, फोनवर, जो भेटेल तो हेच विचारतो. काही जण खरंच दुखावलेले असतात. म्हणून एकदा नीट सांगतो.

मी गाड्यांची छोटी मॉडेलं करतो आणि खऱ्या गल्लीसमोर ठेवून त्यांचे असे फोटो काढतो, की गाडी खरीच वाटावी. त्या फोटोत संगणकाची करामत नसते. अँबॅसिडर साधारण 4.3 मीटर लांब. 1:24 मापात, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शात, ती अठरा सेंटिमीटरची होते. प्लास्टिकच्या शीटमधून कापायची, पुट्टी भरायची, पॉलिश पेपरनं घासायची. चाकं उद्यमबागेतला मित्र लेथवर काढून देतो. मग गल्लीच्या तोंडाशी छातीच्या उंचीवर फळी, फळीवर गाडी, मागं खरी गल्ली. उभ्या माणसाची नजर दीड मीटरवर धरली तर लेन्स फळीच्या सव्वासहा सेंटिमीटर वर हवी. फळीची कड रस्त्यात विरेपर्यंत मागंपुढं सरकत राहायचं. ऊन दोन्हींवर एकच पडतं, म्हणून सावल्या जुळतात. मोबाइलचा सेन्सर लहान असल्यानं जवळची गाडी आणि लांबची घरं, दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट येतात. पाऊस तेवढा लहान करता येत नाही. बॉनेटवरचा खरा थेंब त्या मापात नारळाएवढा दिसतो. आमच्याकडे चार महिने झोडपतो, तरी माझ्या फोटोतले ओले रस्ते वार्निशचे आहेत.

अमेरिकेतले मायकेल पॉल स्मिथ याच मापात आणि याच युक्तीनं एक अख्खं काल्पनिक गाव दाखवायचे, आणि मांडणी कशी केली तेही दाखवायचे. मीही दाखवतो. मग फसवणूक कुठली? हा युक्तिवाद मी वर्षानुवर्षं केला. तो आजही मला चुकीचा वाटत नाही. पण शहापुरातल्या काकांपुढं तो मला मांडता आला नाही.

काका टॅक्सीवाले. आंबोली घाटातून सावंतवाडीला त्यांची पांढरी अँबॅसिडर जायची. ती भंगारात गेली तेव्हा ते दिवसभर जेवले नव्हते. पुढं त्यांना विसर पडू लागला. त्यांना बरं वाटावं म्हणून मी तीच गाडी केली: डाव्या मडगार्डचा पोचा, डॅशबोर्डवरचा गणपती, टायरवर वस्त्रगाळ केलेली आमची तांबडी माती, पाटीवर केए-22. फोटो त्यांच्याच दारासमोर काढला आणि मोठा करून नेऊन दिला.

त्यांनी तो बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "उन्हात का लावलीस? आत घे की." मी हसलो. ते उठले, खुंटीवर किल्ली शोधली, दार उघडून गल्लीत गेले. या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहून आले आणि मलाच विचारलं, "कोण घेऊन गेलं रे?"

मी ती छोटी गाडी पिशवीतून काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी उलटून पाहिली आणि शेजारच्या पोराला देऊन टाकली. "खेळ," म्हणाले. आणि पुन्हा दारात जाऊन उभे राहिले.

त्यानंतर रोज संध्याकाळी गाडी कोणी नेली म्हणून विचारणं सुरू झालं. शेवटी त्यांचा मुलगा फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्याकडे घेऊन आला. "आई उत्तर देऊन थकली," एवढंच बोलला. चहा घेतला नाही.

आधीचा मी म्हणायचो, ओळखता येऊ नये यातच कारागिरी. मला अजून तसंच वाटतं. रंगाची चकाकी जरा जास्त राहिली की गाडी खेळणं दिसते, आणि असा फोटो मी अजूनही पुसून टाकतो. कोपऱ्यात 'मॉडेल' लिहा, असं सुचवणारे आहेत. लिहिलं की बघणारा गाडी बघतच नाही, चूक शोधतो. आणि काकांनी ते अक्षर वाचलं असतं, असं तुम्हाला खरंच वाटतं?

उलट मलाही कोणी विचारावं: काकांना क्षणभर गाडी परत मिळाली, ते तरी वाईट होतं का? "आत घे की" म्हणताना त्यांचा आवाज पूर्वीच्या मालकाचा होता. तो मी ऐकलाय. त्यानंतरचं काकूंनी सोसलं, मी नाही, हेही मला कळतं.

आता काका नाहीत. काकूंनी तो फोटो परत मागितलाय, भिंतीवर लावायला. मुलगा नको म्हणतो. फोटो माझ्याकडे आहे आणि दोघंही मलाच फोन करतात.