दोन बऱ्हाणपूर

"तिघं जा, नवीन काय ते शिका, आणि परत या," शेठ म्हणाले. 'परत या'वर त्यांनी जरा जास्तच जोर दिला. त्यांचंही बरोबर होतं. जळगावातून बंगळूरला गेलेला प्रोग्रामर म्हणजे सासरी गेलेली लेक. दिवाळीला येते, चार दिवस राहते, लोणच्याची बरणी घेऊन जाते.

आमचं ऑफिस पाच खुर्च्यांचं. रावेर, सावदा, यावल भागातल्या केळी व्यापाऱ्यांसाठी आम्ही हिशेबाचं सॉफ्टवेअर करतो. कोणाच्या मळ्यातून किती माल कापला, गाडी कुठं गेली, भाव काय लागला, बाकी किती. वर्षानुवर्षं हेच. अशा ऑफिसातल्या तिघांना बंगळूरच्या तीन दिवसांच्या डेव्हलपर परिषदेला पाठवायचं शेठच्या डोक्यात कसं आलं, कोण जाणे. बहुधा त्यांच्या पुण्याच्या भाच्यानं भरवलं असावं.

तिघं म्हणजे आप्पा, बापू आणि मी. आप्पा आमच्यात थोरले. फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या जमान्यापासून कोड लिहितात आणि ते दर दोन दिवसांनी आठवण करून देतात. बापू तेवीस वर्षांचा, धुळ्याकडचा. ऑफिसात दिवसभरात दहा वाक्यं बोलेल तर शपथ. पण संध्याकाळी आईचा फोन आला की जिन्यात उभा राहून अहिराणीत अर्धा अर्धा तास बोलतो. मी फैजपूरची. मला सगळे ताई म्हणतात, शेठसुद्धा, आणि ते माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे आहेत.

भुसावळला कर्नाटक एक्सप्रेसमध्ये बसलो. गाडीनं मनमाड सोडायच्या आत आप्पांनी डबा उघडला. पऱ्हाटीच्या जाळावर भाजलेल्या वांग्यांचं भरीत, कळण्याच्या भाकरी, कांद्याची पात. हिवाळा होता, आणि हिवाळ्यात खानदेशी माणूस भरिताशिवाय जिल्हा ओलांडत नाही. समोरच्या बाकावरच्या दिल्लीच्या जोडप्यानं आधी वासाला नाक मुरडलं आणि दौंड यायच्या आत भाकरी मागून घेतली. तिकडे बापू खिडकीशी बसून लॅपटॉपवर काहीतरी करत होता. मी डोकावले तर व्यापाऱ्यांच्या गावांची यादी उघडलेली. "सुट्टीवर आहेस ना रे?" म्हटलं. "दोन बऱ्हाणपूर दिसतायत ताई," तो म्हणाला. मी ते सोडून दिलं. टायपिंगची चूक असेल, म्हटलं.

परिषदेच्या दारात गळ्यात एक पट्टी अडकवतात. तिला लोंबणाऱ्या कार्डावर आपलं नाव, कंपनीचं नाव आणि एक क्यूआर कोड. ती पट्टी गळ्यात पडली की माणूस बदलतो. समोरच्याचं तोंड बघायच्या आधी त्याच्या पोटाकडे बघतो, कारण कार्ड तिथे लोंबत असतं. माझं कार्ड सारखं उलटं व्हायचं, त्यामुळे पहिल्या दिवशी निम्म्या लोकांना मी बिननावाचीच भेटले. स्टॉलवाल्यांनी मात्र उलटं कार्ड सुलटं करून कोड टिपून घेतला. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घ्यायला आलेला माणूस जसे आधी घोड्याचे दात बघतो, तसे हे आमचा गिटहब, म्हणजे इंटरनेटवर कोड ठेवायची जागा, बघत होते. आप्पांच्या गिटहबवर काहीच नाही. त्यांचा सगळा कोड व्यापाऱ्यांच्या गल्ल्यामागच्या कॉम्प्युटरवर आहे. त्यांना कोणी दुसऱ्यांदा विचारलं नाही, आणि शेठची निम्मी काळजी तिथेच मिटली.

एकाच वेळी तीन दालनांत भाषणं. आम्ही भाऊबंदांनी वावर वाटून घ्यावं तशी दालनं वाटून घेतली: आप्पांकडे डेटाबेस, माझ्याकडे वेब, बापूकडे उरलेलं सगळं. रात्री एकत्र बसून एकमेकांना सांगायचं, असं ठरलं. ठरलं एवढंच. दुपारी जेवण झाल्यावर मी माझ्या दालनातून बाहेर आले तर आप्पा आधीच चहाच्या टेबलाशी उभे. "आतमध्ये एसी फार आहे," म्हणाले. म्हणजे झोप लागली होती.

भाषणं वाईट होती असं नाही. दोन-तीन तर अशी होती की वहीची पानं भरली. पण निम्म्याहून जास्त वेळ कृत्रिम बुद्धिमत्तेचं कीर्तन चाललं होतं. प्रत्येक बुवा निराळा, अभंग तोच. आप्पांचं मत एका वाक्यात: "मोटार तीच आहे, स्टार्टर नवीन बसवलाय." मला ते पटलं नाही, अजूनही पटत नाही. पण तिथे वाद घालायचं त्राण नव्हतं.

आप्पांना खरा उत्साह यायचा तो रिक्षातून जाताना विप्रोची पाटी दिसली की. "ही आपल्या अमळनेरची," ते रिक्षावाल्याला हिंदीतून सांगायचे. "1945 साली अमळनेरात निघाली, वनस्पती तूप काढायची. मग कॉम्प्युटर." रिक्षावाला मान हलवायचा. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, वेगळा रिक्षावाला, तीच पाटी, तेच तूप. चौथ्यांदा मात्र रिक्षावालाच म्हणाला, "मालूम है साहब," आणि आप्पा गप्प झाले. त्यांना कोणीतरी पहिल्यांदाच ऐकायला हवं होतं.

मला तिथे माझ्या आजोबांची आठवण येत होती. फैजपूरला 1936 च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच. अध्यक्ष नेहरू. मंडपाची मांडणी नंदलाल बोसांची, बांबू वापरून केलेली. आजोबा तेव्हा सात वर्षांचे. मोठं झाल्यावर त्यांना आम्ही विचारायचो, नेहरू काय बोलले? ते म्हणायचे, "काही ऐकू आलं नाही. एका अनोळखी माणसानं मला खांद्यावर घेतलं होतं. त्याच्या टोपीला घामाचा वास होता." एवढंच त्यांचं अधिवेशन. लहानपणी मला वाटायचं, हा माणूस इतिहासाच्या आत उभा होता आणि टोपी हुंगून आला.

दुसऱ्या संध्याकाळी लायटनिंग टॉक असतात. ज्याला वाटेल त्यानं सकाळी फळ्यावर नाव लिहायचं आणि संध्याकाळी पाच मिनिटं बोलायचं. सहावं मिनिट नाही. बाजूला एक पोरगा घंटा घेऊन बसलेला असतो. सकाळी फळ्यापाशी गेले तर तिथे बापूचं नाव. अक्षर आप्पांचं. बापूला पत्ताच नव्हता. त्याला सांगितलं तेव्हा तो जो पांढरा पडला, तो जेवणापर्यंत तसाच. "आप्पा, हे बरं नाही केलं," मी म्हटलं. आप्पा म्हणाले, "गाडीत रात्री दोन वाजेपर्यंत तो काय करत होता ते मी बघितलंय. तू झोपली होतीस."

संध्याकाळी बापू व्यासपीठावर उभा राहिला. हातातला माइक तोंडापासून हातभर लांब. पडद्यावर दोन ओळी: बऱ्हाणपूर, आणि खाली पुन्हा बऱ्हाणपूर. अगदी एकसारखे. त्याखाली कॉम्प्युटरला विचारलेला प्रश्न, ही दोन सारखी आहेत का, आणि उत्तर: फॉल्स, म्हणजे नाही. दालनात शांतता. मग त्यानं दोन्हींची लांबी, म्हणजे आत किती चिन्हं साठवली आहेत, ते विचारलं. एकाची 9, दुसऱ्याची 10.

तोडक्यामोडक्या इंग्रजीत त्यानं समजावलं ते असं. आपण बऱ्हाणपूरमधला तो अर्धा, डोळ्याच्या पापणीसारखा दिसणारा र लिहितो, तो कॉम्प्युटरात दोन तऱ्हांनी साठवता येतो. एकात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याचा पाय मोडतात. दुसऱ्यात साधा 'र' घेऊन त्याचा पाय मोडतात आणि पुढे एक झिरो विड्थ जॉइनर ठेवतात, म्हणजे ज्याला रुंदीच नाही असं जोडचिन्ह. ते दिसत नाही, पण मोजलं जातं. म्हणून 10. एका कीबोर्डवरून टाइप केलं की पहिलं येतं, दुसऱ्यावरून दुसरं. डोळ्याला गाव एक, कॉम्प्युटरला दोन. युनिकोडनं, म्हणजे जगभरच्या लिप्यांना कॉम्प्युटरात क्रमांक देणाऱ्या मानकानं, ठरवून दिलेलं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करायची पद्धत, चालवलं तरी ही दोन रूपं एक होत नाहीत, त्यामुळे माहिती साठवायच्या आधी आपला आपणच नियम लिहावा लागतो. व्यापाऱ्याची निम्मी बाकी एका बऱ्हाणपूरच्या नावावर, निम्मी दुसऱ्याच्या. सॉफ्टवेअर म्हणतं, सगळं बरोबर आहे.

तिथपर्यंत लोक शांतपणे ऐकत होते. मग त्यानं पुढची स्लाइड लावली. देवनागरीत एकच वाक्य: काय करी ऱ्हायना?

"ही माझ्या आईची भाषा," तो म्हणाला. "अहिराणी. ती मला रोज फोनवर हे विचारते, काय करतोयस. करी ऱ्हायना, जाई ऱ्हायना, खाई ऱ्हायना." मग जरा थांबला. "माझ्या आईच्या दर दुसऱ्या वाक्यात हा बग आहे."

हशा पिकला. निम्म्या लोकांना देवनागरी वाचता येत नसेल, तरी हसले. घंटा घेऊन बसलेला पोरगाही हसत होता. घंटा वाजवायची वेळच आली नाही, बापूचं वीस सेकंद आधी संपलं. आप्पा टाळ्या वाजवता वाजवता चष्मा पुसू लागले आणि मला म्हणाले, "एसीनं डोळे चुरचुरतात."

खरी गंमत त्यानंतर चहाच्या रांगेत झाली. पन्नाशीच्या एक बाई बापूला शोधत आल्या. केरळच्या. कागदी रुमालावर पेनानं मल्याळम अक्षरं काढू लागल्या. त्यांच्याकडे चिल्लू नावाची अक्षरं असतात, स्वर नसलेली व्यंजनं. ती आधी व्यंजन, पायमोडीचं चिन्ह आणि तेच शून्य रुंदीचं जोडचिन्ह अशी लिहीत. 2008 साली युनिकोडनं त्यांना स्वतंत्र जागा दिली. जुनी माहिती जुन्या तऱ्हेनं, नवी नव्या तऱ्हेनं. "आमच्याकडे माणसंच दोन-दोन झाली," बाई म्हणाल्या. रुमालावर चहा सांडला होता, शाई पसरत होती, आणि बापू, दिवसाला दहा वाक्यं बोलणारा आमचा बापू, त्यांच्याशी पाऊण तास बोलत होता. मधेच त्याच्या आईचा फोन आला. त्यानं कट केला आणि लगेच परत लावला: "आई, मंग करस." मग पुन्हा रुमालावर वाकला. त्या वेळात तिन्ही दालनांतली भाषणं सुरू होऊन संपलीसुद्धा. ती सगळी पुढे यूट्यूबवर येतातच. मी अजून एकही बघितलेलं नाही.

परतीच्या गाडीत सामानात तीन पट्ट्या, पाच टी-शर्ट, चार पिशव्या आणि न मोजलेले स्टिकर. माझी पट्टी घरी आईनं ताब्यात घेतली. तिला आता मळ्यातल्या मोटारीच्या खोलीची किल्ली लटकते आहे. एक टी-शर्ट आमच्या सालदाराला दिला. परवा मळ्यात गेले तर तो केळीच्या घडांना बांबूचे टेकू लावत होता, आणि पाठीवर ठळक अक्षरांत कुबरनेटीज. मी हसले तर विचारलं, काय लिहिलंय? मी म्हटलं, पुष्कळ कॉम्प्युटर एकदम सांभाळायची युक्ती आहे. त्यानं टेकू ठोकता ठोकता विचारलं, "आन् एखादा पडला तर?" म्हटलं, दुसरा उभा राहतो. तो म्हणाला, "मंग तं आमच्यावाणीच," आणि पुढच्या घडाकडे गेला.

बापूनं आल्या आल्या तो नियम लिहिला, जुनी यादी चाळली, दोन बऱ्हाणपूर एक केले. त्यात आणखी सात गावं आणि तीन व्यापारी सापडले, तेही एक केले. सोमवारी सकाळी ऑफिस उघडून मी संगणक सुरू करत होते तोच सावद्याच्या एका काकांचा फोन.

"ताई, बऱ्हाणपूर एकच दिसू राहिलं."

"हो काका. आता दुरुस्त केलंय. ते एकच गाव होतं ना, दोनदा दिसत होतं."

"ते ठीक आहे. पण दुसऱ्या बऱ्हाणपूरवर माझे बेचाळीस हजार निघत होते."

"ते यातच मिळवलेत काका. बेरीज बघा, वाढलेली दिसेल."

पलीकडे शांतता. बापू त्याच्या खुर्चीवरून मान वळवून माझ्याकडे बघत होता. आप्पांनी चहाचा कप खाली ठेवला.

"थांबा," काका म्हणाले, "मी वही घेतो."

फोन लाकडी गल्ल्यावर ठेवल्याचा आवाज आला, आणि मग बराच वेळ नुसती पानं उलटल्याचा.