जी-43 च्या बोल्टचा एक फोटो आणि त्यासाठी एकोणीस दिवस

गेवेअर 43 (जी-43), म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली जर्मन अर्धस्वयंचलित रायफल, उलटीसुलटी करून तपासायला जाणकाराला अर्धा तास पुरतो. मला एकोणीस दिवस लागले. रायफल अमेरिकेतल्याच पण दुसऱ्या राज्यातल्या एका लिलावगृहाच्या कपाटात होती आणि तिचा बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा भाग) काढून फोटो पाठवायची तिथे कुणाचीच तयारी नव्हती. कॅटलॉगमध्ये एकच शब्द छापलेला, 'मॅचिंग'. काय कशाशी जुळतं, याबद्दल चकार शब्द नाही.

आणि या रायफलीत नेमकं तेच महत्त्वाचं. रिसीव्हरच्या (बोल्ट ज्यात सरकतो त्या मधल्या सांगाड्याच्या) डाव्या अंगावर नमुन्याचं नाव, कारखान्याचा सांकेतिक कोड, वर्षाचे दोन आकडे आणि अनुक्रमांक असतो. चार अंक आणि बहुधा पुढे एक अक्षर. वाल्थरचा कोड 'एसी', बर्लिन-ल्यूबेकर कारखान्याचा 'डीयूव्ही' आणि युद्धाच्या शेवटाकडे 'क्यूव्हीई', गुस्टलॉफचा 'बीसीडी'. क्रमांकाचे अंक बोल्ट कॅरियर (बोल्टला मागे-पुढे नेणारा भाग) आणि बोल्टवरही जुळायला हवेत. युद्धानंतर या रायफली ढिगांनी गोळा झाल्या तेव्हा बोल्ट एका ढिगात आणि रायफली दुसऱ्यात, असं सर्रास झालं. म्हणून बोल्ट वेगळा निघणं ही नवलाई नाही, पण किमतीत फार मोठा फरक पडतो. 'मॅचिंग' म्हणणाऱ्याने बहुतेक वेळा फक्त कॅरियर पाहिलेला असतो.

लिलावगृहाच्या साइटवर 'कंडिशन रिपोर्ट मागवा' असं बटण होतं, ते दाबलं. पाचव्या दिवशी उत्तर: बोअर (नळीचा आतला भाग) चांगला, दस्त्यावर वयानुसार खुणा. बोल्टचा उल्लेख नाही. पुन्हा लिहिलं. यावेळी फोटो आला, रिसीव्हरच्या डाव्या बाजूचा, कॅटलॉगमध्ये आधीच छापलेला तोच. तिसऱ्यांदा सरळ विचारलं की सगळे क्रमांक जुळतात का. उत्तर, "येस, मॅचिंग." चौथ्यांदा फोटोचा आग्रह धरल्यावर कळलं की 'सुरक्षेच्या कारणास्तव' ते शस्त्र उघडत नाहीत. म्हणजे न उघडता मॅचिंग! इथे माझा पारा चढला आणि दोन दिवस मी ती फाईलच बंद ठेवली.

चूक थोडी माझीही होती. हो-नाहीचा प्रश्न विचारला की समोरचा 'हो' म्हणून मोकळा होतो. पाचव्या ईमेलमध्ये मी 'मॅचिंग' हा शब्दच गाळला. तीन ओळी लिहिल्या: कॅरियरवरचे अंक टाइप करा, बोल्टवरचे अंक टाइप करा, बोल्टवर आकडा नसेल तर 'आकडा नाही' असं टाइप करा. सोबत खोलायची कृती: मॅगझिन काढून चेंबर (काडतूस बसतं ती जागा) रिकामा असल्याची डोळ्याने आणि बोटाने खात्री, कॅरियर मागे अडकवणं, सेफ्टी चढवणं, मागचं हाउसिंग पुढे दाबून वर उचलणं. आतली स्प्रिंग दाबलेली असते, तोंड बाजूला ठेवा, हेही लिहिलं. एकोणिसाव्या दिवशी, बोली लावायची मुदत संपायला दोन दिवस उरले असताना, अंक आले आणि सोबत मोबाइलवर काढलेला धूसर फोटो. कॅरियर जुळला. बोल्टचे चारही अंक वेगळे.

तरी सुटलो. नाहीतर पूर्ण जुळणाऱ्या रायफलीचे पैसे मोजले असते.

अंक जुळले तरी तिथे थांबू नका. नंतर ठोकून जुळवलेले आकडे फार आहेत. बोल्टवर खरा आकडा घासून नवा मारला असेल तर तिथे किंचित खळगा राहतो. टॉर्च आडवी धरा किंवा स्टीलची पट्टी टेकवून फट पाहा. रिसीव्हरवरचे आकडे निळाई (धातूवरचा गंजरोधक निळसर थर) चढण्याआधी मारलेले, म्हणून अंकाच्या तळाशीही रंग हवा. तळ चकचकीत असेल तर शंका घ्या. उलट, सगळ्या शिक्क्यांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोल झाल्या असतील तर रायफल पॉलिश करून पुन्हा निळी केली आहे. युद्धाच्या शेवटी घाईत बनलेल्या नमुन्यांवर यंत्राचे ओरखडे आणि घडाईचे खडबडीत भाग तसेच सोडलेले असतात. ते दोष नव्हेत. उशिराची जी-43 गुळगुळीत, आरशासारखी दिसली तर आनंदू नका.

नावाकडेही पाहा. 1944 मध्ये तिचं नाव 'काराबिनर 43' झालं. तेव्हा 'के 43' आणि वर्ष 43 एकत्र दिसलं तर ठोकणाऱ्याने इतिहास वाचलेला नाही.

मध्येच आठवलं म्हणून, रिसीव्हरच्या उजव्या अंगाला दुर्बिणीची रेल आहे एवढ्यावर कुणी 'स्नायपर' म्हणून विकत असेल तर निघून या. रेल जवळपास सगळ्यांवर असते. एकूण सुमारे 4 लाख रायफलींपैकी 53 हजारांवर दुर्बिणीसह दिल्या गेल्या, म्हणजे साधारण साडेसातांत एक. झेडएफ 4 दुर्बीण चार पट मोठं दाखवते. तिच्यावरही कारखान्याचा कोड असतो, फोइग्टलेंडरचा 'डीडीएक्स', ऑप्टिकोटेक्नाचा 'डीओडब्ल्यू'. दुर्बीण आणि माउंट नंतर जोडणं अगदी सोपं आहे, आणि दुर्बीण खरी असली तरी ती याच रायफलीची होती हे त्यावरून सिद्ध होत नाही.

दस्ता बहुतेक वेळा थरांच्या लाकडाचा. लाकूड आणि धातू जिथे मिळतात तिथे बोट फिरवा: लाकूड धातूपेक्षा खोल गेलं असेल तर ते घासलेलं आहे, आणि घासलेल्या लाकडावर जर्मन तपासणीचा ताजा गरुडाचा शिक्का असेल तर तो नक्की नंतरचा. पुढच्या बँडखालीही (नळी आणि दस्ता बांधणाऱ्या कड्याखाली) पाहा. अमेरिकन सैनिकांनी घरी आणताना पिशवीत मावावी म्हणून दस्ता करवतीने कापला आणि नंतर परत चिकटवला. त्याला इथे 'डफल कट' म्हणतात. मला तो अजिबात खटकत नाही, उलट रायफल खरोखर सैनिकाच्या सामानातून आल्याचा तो एक पुरावा. पण बाजार पैसे कापतो. 1968 च्या अमेरिकन शस्त्र कायद्यानंतर आयात झालेल्या रायफलीवर आयातदाराचं नाव आणि गाव कोरलेलं असतं, त्यानेही किंमत उतरते.

हँडगार्ड (नळीवरचं आवरण) काढल्याशिवाय सौदा पक्का करू नका, असं मी सांगतो आणि लिलावात ते कोणी करू देत नाही, हेही मान्य करतो. पिस्टनचे भाग (गोळीच्या गॅसने कॅरियर मागे ढकलणारे) त्याखाली असतात आणि क्षारयुक्त प्रायमरच्या (दारू पेटवणाऱ्या टोपीच्या) काडतुसांनंतर नीट न पुसल्याने तिथे गंज खातो. वरून बघणाऱ्याला काही कळत नाही.

चालवायची असेल तर आणखी एक. ही रायफल गरजेपेक्षा जास्त गॅस घेते. कॅरियर मागे आपटत राहतो, एक्स्ट्रॅक्टर (रिकामं काडतूस बाहेर ओढणारा हूक) उडून जातो, भाग तडकतात. जुना तुर्की 8 एमएमच्या (या रायफलीच्या मापाच्या) काडतुसांचा साठा तर मुळीच घालू नका, तो जोरकस आहे. अमेरिकन व्यापारी 8 एमएम मुद्दाम मवाळ भरतात, कारण 1888 च्या जुन्या जर्मन नमुन्याच्या बारीक बोअरच्या रायफली अजून फिरतात. तरीही माझा सल्ला असा: लहान छिद्राचा गॅस प्लग आणि नव्या स्प्रिंगा बसवा, मूळ भाग डब्यात जपून ठेवा आणि मगच गोळी झाडा.

मॅगझिन दहा गोळ्यांचं. वरून पाच-पाचच्या क्लिपनेही भरता येतं. पत्र्यावर 'जी 43' किंवा 'के 43' आणि कोड शोधा, कारण आजकालच्या नकला चांगल्या आहेत.

परवान्याचं काम सोपं गेलं, म्हणून ते शेवटी. संग्राहकाचा टाइप 03 परवाना 30 डॉलरमध्ये तीन वर्षांसाठी मिळतो आणि त्यावर रायफल थेट घरी येते. बिगर-स्थलांतरित व्हिसावाल्यांना (आपल्याकडचे एच-1बी वालेही त्यात आले) शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर शस्त्र घेता येत नाही, तेव्हा ग्रीन कार्डाआधी हा छंद फक्त चित्रांत.

बोली मी बोल्ट न जुळणाऱ्या रायफलीच्या हिशोबानेच लावली, लिलावगृहाचं कमिशन आधी वजा करून.