प्रमोटर इतका मिळमिळीत का?

सेमिनार संपला की चहाच्या रांगेत कोणीतरी गाठतंच. ‘सिग्नल एवढा फिका कसा? जोरदार प्रमोटर लावा ना. हाय-कॉपी प्लाझ्मिडवर टाका.’ म्हणजे जीन जोरात चालवणारा डीएनएचा तुकडा लावा आणि जिवाणूत पुष्कळ प्रतींनी राहणाऱ्या डीएनएच्या सुट्या कड्यावर बसवा. जणू मला हे सुचलंच नव्हतं! अहो, पीएचडीची दीड वर्षं मी तेवढंच केलं. परत विचारलंत म्हणून एकदाच सविस्तर लिहिते, म्हणजे पुढचा चहा तरी गरम पिता येईल.

माझं सर्किट, म्हणजे जिवाणूत बसवलेली जीनांची जोडणी, आर्सेनिक ओळखायचं. आर्सेनिक आलं की आर्सआर हा रिप्रेसर (जीन दाबून ठेवणारं प्रथिन) डीएनएवरून सुटतो आणि पुढचे जीन चालू होतात. नुसत्या तेवढ्यावरही चमक यायची, पण मला ती डोळ्यांनी दिसायला हवी होती. म्हणून मध्ये टी-सेव्हन पॉलिमरेजची, म्हणजे जीन फार जोरात वाचणाऱ्या एन्झाइमची, पायरी घातली आणि हिरव्या प्रथिनाचा जीन त्याच्या ताब्यात दिला. पहिली प्लेट निळ्या दिव्याखाली धरली तेव्हा शेजारच्या लॅबमधली माणसंही बघायला आली होती.

मग टिकाऊपणा तपासायचं काम ज्युनिअरकडे दिलं. रोज कल्चर हजारपट पातळ करून ताज्या एलबीत (जिवाणू वाढवायच्या माध्यमात) टाकायचं, म्हणजे दिवसाला साधारण 10 पिढ्या. चौथ्या दिवशी सकाळी नळ्या मस्त गढूळ झालेल्या, ओडी, म्हणजे गढूळपणाचं माप, आधीच्या तिन्ही दिवसांपेक्षा चांगली. आर्सेनिक घातलं, थांबलो. काही नाही. मिट्ट काळोख.

मी सगळ्यांसमोर त्याला म्हणाले, ‘कंट्रोलची नळी उचललीस तू.’

‘नाही ताई. लेबल बघा ना.’

मी लेबल बघितलं नाही. माझा हिशोब पक्का होता: माध्यमात कॅनामायसिन हे अँटिबायोटिक आहे, त्याला पुरून उरणारा जीन प्लाझ्मिडवर आहे, पेशी वाढताहेत, म्हणजे प्लाझ्मिड आहे, प्लाझ्मिड आहे म्हणजे सर्किट आहे, मग चूक पोराचीच. फ्रीझरमधल्या स्टॉकपासून त्याला सगळं पुन्हा करायला लावलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी स्वतः केलं, रविवारी, कोणी नसताना. चौथ्या दिवशी माझ्याही नळ्या काळ्याच.

तेव्हा कुठे पीसीआर लावून हिरव्या जीनच्या भागाची लांबी तपासली. जेलवर 1,500 अक्षरांच्या जागी 600 च्या आसपास बँड. पॉलिमरेज आणि हिरवा, दोन्ही जीनच्या मागे मी एकच टर्मिनेटर (वाचन थांबवणारा तुकडा) वापरला होता, हाताशी होता म्हणून. दोन सारखे तुकडे एकमेकांशी जुळले आणि मधला हिरवा जीन अख्खा गळून पडला. कॅनामायसिनचा जीन जागच्या जागी. अँटिबायोटिक प्लाझ्मिड राखतं, सर्किट नाही, हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं असं म्हणायला आवडलं असतं. पण ते वाचलेलं होतं.

जेलचा फोटो दाखवत त्याला सॉरी म्हटलं. तो म्हणाला, ‘बँड छान शार्प आलाय.’

पेशीत रायबोसोम (प्रथिनं बनवणारी यंत्रं) मोजकेच. घरात शेगड्या दोनच आणि पाहुण्यांचं पातेलं एकीवर कायमचं चढलेलं, तशी गत. आर्सेनिक नसतानाही माझं सर्किट थोडं गळत होतं आणि टी-सेव्हन त्या गळतीचाच पूर बनवत होतं. आता हिशोब करा. सर्किट वाहणारी पेशी 30 मिनिटांत दुप्पट होते आणि ते टाकून दिलेली 24 मिनिटांत, असं धरा. सलग 36 तास वाढल्या तर दुसरी 18 वेळा जास्त दुप्पट होते, म्हणजे अडीच लाखांहून जास्त पटींनी पुढे. दहा लाखांत एक होती, ती पाचांत एक होते.

तेव्हाची मी इथे हमखास अडवेल: ‘मग टर्मिनेटर वेगळे घे, मिटलं!’ घेतले, बाई. मग पॉलिमरेजच्या जीनमध्येच एक अक्षर गळलं आणि फ्रेम सरकली, म्हणजे पुढचं सगळं वाचन बिघडलं. वाट बुजवली, पळायचं कारण तसंच राहिलं.

म्हणून आता पीएससी-101 हे प्लाझ्मिड, पेशीमागे पाचेक प्रती. आरबीएस (रायबोसोम जिथे येऊन बसतो ती जागा) कमजोर. टी-सेव्हन बाद. भार मोजायला 2015 साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधून आलेली युक्ती वापरते: जिनोममध्येच आणखी एक चमकणारा जीन बसवायचा, सर्किट चालू केल्यावर त्याचा वेग पडला की शेगडी अडली समजायचं. 2018 मध्ये त्याच मंडळींनी भार जाणवला की सर्किटला आपोआप लगाम घालणारी रचना केली. सुरेखच आहे. पण लगामाचं प्रथिनही त्याच रायबोसोमांवर बनतं आणि माझ्या एवढ्याशा सर्किटला ते परवडतं का, यावर माझं मत दर महिन्याला बदलतं.

आणि एक कबुली. तुमचा प्रश्न अगदीच चुकीचा नाही. पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम. नेमका तिथेच माझा फिका सिग्नल गोंगाटात बुडतो. चमक मोजणाऱ्या रीडरला कसाबसा दिसतो, डोळ्यांना नाहीच. सुरुवात तर डोळ्यांना दिसावं म्हणूनच केली होती. काही वेळा प्रमोटर मी मोजून कमी करते, काही वेळा नुसत्या धास्तीने.

जोरदारवाला स्टॉक उणे 80 च्या फ्रीझरमध्ये ठेवलाय, झाकणावर तारीख त्या ज्युनिअरच्याच अक्षरात. हवा असेल तर घेऊन जा. पहिल्या दिवशी फार सुंदर चमकतो.