‘आत्तुलेरुन्त’ने खाल्लेली वीस मिनिटं

इतिहासात एम.ए. करायला जर्मनीत आले, तेव्हा लॅटिनची परीक्षा द्यावी लागेल हे कागदावर वाचलं होतं, मनावर घेतलं नव्हतं. दहावीला संस्कृतात नव्वदच्या वर गुण, मग विभक्त्यांना काय भ्यायचं? आणि खरंच, बाकी सगळं सरकत गेलं. अडलं ते एका क्रियापदावर. फेरो.

अर्थ साधा: वाहून नेणे, आणणे, सोसणे. कर्मणीत ‘फेर्तुर’ आलं तर ‘असं म्हणतात’. वर्तमानकाळही निभतो: फेरो, फेर्स, फेर्त, फेरिमुस, फेर्तिस, फेरुन्त. काही रूपांत मधला ‘इ’ गायब, एवढंच. पण भूतकाळ एकदम ‘तुली’, आणि धातुसाधित ‘लातुम’!

सराव परीक्षेत ओळ आली: ‘लेगाती दोना आत्तुलेरुन्त’. दूतांनी भेटी... काय केलं? ‘दोना’ला संस्कृतातलं दान धावून आलं, पुढे अंधार. शब्दकोश जवळ ठेवायची मुभा होती. ‘आत्तु’ काढलं, काही नाही. ‘तुल’ काढलं, तिथे ‘तुली: फेरो पाहा’. फेरोवर गेले तर नुसतं मूळ क्रियापद. मग डोक्यात प्रकाश पडला की आधी ‘आद्’ हा उपसर्ग आहे, त्याचा ‘द्’ पुढच्या अक्षरासारखा होतो, म्हणून ‘आफ्फेरो’ काढलं. तिथे ‘आद्फेरो पाहा’! सातबाऱ्यासाठी या टेबलावरून त्या टेबलावर फिरवतात ना, अगदी तसं. वीस मिनिटांनी उत्तर हाती आलं: ‘आणल्या’. पुढच्याच ओळीत ‘आल्लाता सुन्त’ होतं. म्हणजे तेच क्रियापद, ‘आणल्या गेल्या’. ते मला ओळखूच आलं नाही, जागा कोरी सोडली. शिकवणाऱ्या बाईंना विचारलं, हे असं का? म्हणाल्या, पाठ करा. अजून आठवलं की चिडचिड होते.

कारण ‘का’ला उत्तर आहे. संस्कृतातला ‘भ’ शब्दाच्या सुरुवातीला लॅटिनमध्ये ‘फ’ होतो: भ्राता–फ्रातेर, तसं भरामि–फेरो. आपला ‘भार’ तिथलाच. ‘तुली’ म्हणजे तुला, तोलणे यांचं भावंड. आणि ‘लातुम’ पूर्वी ‘त्लातुम’ होतं, पुढचा ‘त’ गळला. म्हणजे तीन नाही, दोनच धातू एका संसारात. हे कळल्यावर मी खोलीत एकटीच टाळी वाजवली. इथे ओळखीच्या मराठी घरातली चार वर्षांची मुलगी ‘बाबा ऑफिसला जाला’ म्हणते, आणि आपण हसून ‘गेला’ शिकवतो. लॅटिनवर मात्र डाफरतो.

तेव्हा क्रियापद उपसर्गासकट तिन्ही रूपांत घोका: आफ्फेरो–आत्तुली–आल्लातुम, आउफेरो–आब्स्तुली–आब्लातुम, कोन्फेरो–कोन्तुली–कोल्लातुम. इंग्रजीतले ट्रान्सफर आणि ट्रान्सलेट या एकाच क्रियापदाचे दोन तुकडे आहेत, हे लक्षात ठेवलं तर सोपं जातं.

खऱ्या परीक्षेत ‘सुस्तुलित’ आलं. मी ऐटीत फेरोचं कुटुंब धरलं. निघालं ‘तोल्लो’चं, म्हणजे उचलणे. तेवढे गुण गेले, पास झाले.

हो, आज्ञार्थ सांगायचा राहिलाच: नुसतं ‘फेर्’, शेवटी ‘ए’ लावू नका. दिक् (सांग), दुक् (ने), फाक् (कर), फेर् (आण), चौघांचीही शेपटी तुटलेली.