बाई असून ही गाणी कशी ऐकता?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. गेली वीस-बावीस वर्षे हा प्रश्न मला अधूनमधून विचारला जातो. महाविद्यालयातल्या सहकाऱ्यांनी विचारला, नणंदेने विचारला, आणि मागच्या महिन्यात तास संपल्यावर एका विद्यार्थिनीने दाराशी थांबून, अडखळत विचारला. मी मराठी शिकवते. घरी किशोरीताईंच्या ध्वनिमुद्रणांशेजारी नव्वदच्या दशकातल्या अमेरिकन रॅपच्या कॅसेटी आणि सीडी आहेत, हे माझ्या जवळच्या सगळ्यांना ठाऊक आहे. "मॅडम, त्या गाण्यांत बायकांना काय काय म्हटलेले असते. तुम्ही बाई असून ती कशी ऐकता?" असे ती म्हणाली. बस चुकेल म्हणून मी तिला घाईघाईने काहीतरी सांगितले आणि निघाले. तिला द्यायला हवे होते ते उत्तर आता सावकाश लिहिते.

१९९७ च्या उन्हाळ्यात, पुण्यात एम. ए. करत असताना, वसतिगृहातल्या माझ्या मैत्रिणीच्या आतेभावाने न्यू जर्सीहून काही कॅसेटी पाठवल्या. त्यांत टुपाक शकूर या रॅपरचा १९९३ सालचा गाण्यांचा एक संग्रह होता. टुपाकचा लास व्हेगासमध्ये गोळ्या घालून खून झाला, त्याला तेव्हा वर्षही झाले नव्हते, आणि मृत्यूच्या वेळी तो अवघा पंचवीस वर्षांचा होता. त्याचे शब्द पहिल्या ऐकण्यात मुळीच कळले नाहीत. मग मी शंभर पानी वही घेऊन बसू लागले. एक ओळ ऐकायची, टेप थांबवायची, फीत मागे घ्यायची, पुन्हा ऐकायची आणि कानाला जसे वाटेल तसे पेन्सिलीने देवनागरीत उतरवायचे. फीत गुंतेल म्हणून मैत्रीण रोज रागावत असे. एका गाण्याला तीन-तीन संध्याकाळी लागत. कविता वाचताना एकेका शब्दापाशी थांबायची जी सवय मला पुढे शिकवताना उपयोगी पडली, ती खरे तर त्या वहीने लावली.

वहीत पहिले पूर्ण उतरलेले गाणे 'कीप या हेड अप'. त्यात एकवीस वर्षांचा एक मुलगा आपल्या वस्तीतल्या एकट्याने मुले वाढवणाऱ्या बायकांना धीर देतो आणि पुरुषांना विचारतो, की आपण सगळे बाईच्याच पोटी जन्मलो, मग तिचाच द्वेष का करतो? ज्याला मूल जन्माला घालता येत नाही, त्याने ते कधी आणि कुठे जन्माला यावे हे बाईला सांगण्याचा अधिकार गाजवू नये, हेही तो स्पष्ट म्हणतो. ध्रुवपदाची सुरावट १९७० सालच्या एका गाण्यावरून घेतलेली आहे. शिकागोच्या फाइव्ह स्टेअरस्टेप्स या भावंडांच्या गटाचे ते गाणे, 'सगळे ठीक होईल' असे लहान मुलाला समजावणारे. मी भारावून गेले. आणि त्याच फितीवर पुढे 'आय गेट अराउंड' लागले, ज्यात हाच मुलगा आपल्यामागे किती बायका आहेत आणि आपण कुणाचाच कसा नाही, याची फुशारकी मारतो. त्या संध्याकाळी मी टेप बंद केली. तुम्ही मला जो प्रश्न विचारता, तो मी स्वतःला पहिल्यांदा त्या दिवशी विचारला.

त्याच संग्रहात आणखी एक छोटा तुकडा आहे. त्यात ऐकणाऱ्याला एक नाव लक्षात ठेवायला सांगितले आहे. मी वहीत 'लटाशा हार्लिन्स' असे लिहिले आणि पुढे प्रश्नचिन्ह काढले. ही कोण, हे विचारायला माझ्याजवळ कुणी नव्हते. कित्येक वर्षांनी इंटरनेट घरी आल्यावर मी ते नाव शोधले. लटाशा ही लॉस एंजेलिसच्या साउथ सेंट्रल भागातली पंधरा वर्षांची काळी मुलगी होती. १६ मार्च १९९१ रोजी ती एका दुकानात संत्र्याच्या रसाची बाटली घ्यायला गेली. किंमत होती एक डॉलर एकोणऐंशी सेंट. ती चोरी करते आहे असे दुकानदारबाईला वाटले, झटापट झाली, आणि लटाशा पाठ फिरवून निघालेली असताना तिच्या डोक्यात मागून गोळी घातली गेली. तिच्या हातात दोन डॉलर होते. ज्यूरीने सदोष मनुष्यवधाचा गुन्हा सिद्ध मानला, पण न्यायाधीशांनी तुरुंगवास दिला नाही. देखरेखीखाली मुक्तता, चारशे तास समाजसेवा आणि पाचशे डॉलर दंड, एवढ्यावर ते प्रकरण मिटले. तिच्या मृत्यूच्या तेरा दिवस आधी त्याच शहरात पोलिसांनी रॉडनी किंग या काळ्या माणसाला रस्त्यावर मारहाण केली होती. २९ एप्रिल १९९२ ला त्या पोलिसांच्या बाजूने निकाल लागला, तेव्हा शहर पेटले आणि पन्नासहून अधिक माणसे मेली. किंगचे नाव जगभर झाले. लटाशाचे नाव पुण्यातल्या एका वसतिगृहापर्यंत पोहोचले, ते केवळ त्या कॅसेटमुळे.

हे कळल्यापासून मी ही गाणी जबानीसारखी ऐकू लागले. जबानी देणारा माणूस शुद्ध चारित्र्याचा असावा लागत नाही. तो जे पाहिले ते सांगतो आणि सांगता सांगता स्वतःही उघडा पडतो.

लॉस एंजेलिसच्याच आइस क्यूब या रॅपरचे 'इट वॉज अ गुड डे' हे गाणे माझ्या मते या अर्थाने दशकातले सर्वांत चोख गाणे आहे. ज्या संग्रहात ते आहे तो त्या दंगलीनंतर सुमारे सात महिन्यांनी, नोव्हेंबर १९९२ मध्ये आला. गाणे म्हणजे एका दिवसाची नोंद आहे. सकाळी उठल्यावर कुत्रा भुंकत नाही, हवेत धुरके नाही. आईने न्याहारी केली आहे. मित्रांबरोबर बास्केटबॉल छान होतो. पोलिसांची गाडी दिसते, पण न थांबता निघून जाते. आकाशात कुणा खुन्याला शोधणारे हेलिकॉप्टर नाही. लेकर्स हा शहराचा बास्केटबॉल संघ जिंकतो. ओळखीतले कुणी आज मारले गेले नाही, आणि आपल्याला बंदूक काढावी लागली नाही. खाली १९७७ सालच्या आयस्ली ब्रदर्सच्या गाण्यातली गिटार संथपणे वाजत राहते, दुपारी अंगणात बाज टाकून पडावे तशी. अवघड शब्द एकही नाही. परंतु जे जे घडले नाही म्हणून हा दिवस चांगला ठरला, त्याची यादी मनात उलटी करून वाचली की त्या वस्तीतला नेहमीचा दिवस समोर उभा राहतो. आणि शेवटी तो स्वतःच दचकून संगीत थांबवायला सांगतो, कारण असला दिवस खरा वाटण्यासारखा नाही. वृत्तपत्रांनी त्या वर्षी साउथ सेंट्रलवर कितीतरी लिहिले असेल. आई न्याहारी करते आहे आणि पोलीस थांबले नाहीत, हे दोन तपशील एकाच दमात सांगण्याचे काम या गाण्याने केले. त्याच गाण्यात मैत्रिणीबद्दल जे म्हटले आहे ते मला आजही आवडत नाही, आणि ते आवडून घेण्याची गरज मला कधी वाटली नाही.

देशाच्या दुसऱ्या टोकाला, न्यू यॉर्कमध्ये, क्वीन्सब्रिज ही तीन हजारांहून अधिक घरांची सरकारी वसाहत आहे. तिथल्या नास नावाच्या वीस वर्षांच्या तरुणाचा 'इल्मॅटिक' हा संग्रह एप्रिल १९९४ मध्ये आला. जेमतेम चाळीस मिनिटांचा. त्यातले 'वन लव्ह' हे गाणे तुरुंगातल्या मित्रांना लिहिलेल्या पत्रांच्या रूपात आहे. तुला मुलगा झाला, तो तुझ्यासारखाच दिसतो, ही बातमी त्यात येते, आणि शेवटी वस्तीत भेटलेल्या एका बारा वर्षांच्या पोराची हकिगत येते, ज्याचे हसणे ऐकून सांगणाराच गारठतो. पण मला त्याहून जवळचे वाटते ते तिसरे गाणे. त्यात नास सांगतो, की आज मी वीस वर्षांचा झालो आणि हा आशीर्वाद आहे. वीस वर्षे जगलो याबद्दल आभार मानणारा तरुण! आणि गाणे संपता संपता एक कॉर्नेट, म्हणजे ट्रंपेटसारखे फुंकून वाजवायचे वाद्य, वाजू लागते. ती वाजवणारा माणूस म्हणजे नासचे वडील, जॅझ वादक ओलू दारा. बोलत काहीच नाहीत, फक्त वाजवतात, आणि मुलाचा आवाज थांबल्यावरही ती कॉर्नेट काही क्षण रेंगाळत राहते. हे गाणे मी शेकडो वेळा ऐकले असेल, तरी त्या जागी हातातले काम थांबतेच.

आता 'डिअर मामा'. टुपाकची आई अफेनी शकूर काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षात, न्यू यॉर्कमध्ये, होती. पँथरांवरच्या मोठ्या खटल्यात तिने गरोदरपणी स्वतःचा बचाव स्वतः केला, मे १९७१ मध्ये ती निर्दोष सुटली आणि महिन्याभराने टुपाक जन्मला. पुढे तिला क्रॅकचे, म्हणजे कोकेनच्या ओढायच्या स्वस्त रूपाचे, व्यसन लागले. याच काळातल्या, १९८६ सालच्या कायद्यान्वये पाच ग्रॅम क्रॅकसाठी जी किमान पाच वर्षांची सजा होती, तीच सजा पूड कोकेनसाठी पाचशे ग्रॅमला होती. क्रॅक गरीब काळ्या वस्त्यांत विकले जाई. घरेच्या घरे तुरुंगात गेली, ती या हिशेबामुळे. 'डिअर मामा' मध्ये मुलगा आईचे व्यसन लपवत नाही आणि त्याच श्वासात तिला राणी म्हणतो. अशी मातृभक्ती मी आमच्या पाठ्यपुस्तकात वाचली नव्हती. मात्र हे गाणे फेब्रुवारी १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच महिन्यात टुपाकला लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात तुरुंगवासाची शिक्षा झाली. संग्रह विक्रीत पहिल्या क्रमांकावर गेला तेव्हा तो गजाआड होता. आईचे गाणे खरे आहे आणि त्या तक्रारदार बाईवर झालेला अन्यायही खरा आहे. पहिल्यासाठी दुसरे विसरायला मी तयार नाही.

पँथर हे नाव मराठी वाचकाला परके नाही. अमेरिकेतल्या पँथरांवरूनच १९७२ साली मुंबईत दलित पँथर हे नाव घेतले गेले. संघटनेच्या संस्थापकांतले नामदेव ढसाळ यांचा 'गोलपिठा' त्याच वर्षीचा. विजय तेंडुलकरांची प्रस्तावना असलेला तो संग्रह मी दरवर्षी शिकवते. पहिल्या तासाला मुले माना खाली घालून बसतात, कारण त्यातले शब्द घरात उच्चारायचे नसतात. म्हणून नुसत्या शिव्यांना मी बिचकत नाही. बाईला उद्देशून दिलेली शिवी ही वेगळी गोष्ट आहे, आणि तिला उत्तर द्यायला त्या दशकात बायकाच पुढे आल्या.

न्यूअर्कची रॅपर क्वीन लतिफा हिने १९९३ मध्ये 'युनिटी' म्हटले. गाण्याचे ध्रुवपदच मुळी त्या शिवीबद्दल जाब विचारते. पहिल्या कडव्यात भर रस्त्यात एक पुरुष तिच्या अंगाला हात लावतो आणि ती त्याला ठोसा मारते. दुसऱ्यात मार खाणारी बाई घर सोडते. तिसऱ्यात ती गुंडगिरीची नक्कल करणाऱ्या कोवळ्या मुलीलाही सुनावते, आणि मला हे तिसरे कडवे सर्वांत धाडसाचे वाटते. मागे सॅक्सोफोन असा वाजतो की राग असूनही आवाज चढत नाही. १९९५ च्या ग्रॅमीमध्ये रॅपचा एकल पुरस्कार या गाण्याला आणि गटाचा पुरस्कार सॉल्ट-एन-पेपा या बायकांच्या गटाला मिळाला. रॅप म्हणजे पुरुषांचा मामला, असे मला सांगणाऱ्यांना मी हेच वर्ष सांगते. ऑगस्ट १९९८ मध्ये तेवीस वर्षांच्या लॉरिन हिल या गायिका-रॅपरचा संग्रह आला. त्यात मूल नको, कारकीर्द बघ, असे सांगणाऱ्यांना न जुमानता ती आपल्या बाळासाठी गाते. वर्षाचा सर्वोत्कृष्ट संग्रह हा ग्रॅमी मिळवणारा तो हिप-हॉपचा, म्हणजे रॅप ज्यातून आले त्या परंपरेचा, पहिला संग्रह. माझी मुलगी झाली तेव्हा सासरी पाळण्याची गाणी झाली, आणि रात्री सगळे निजल्यावर मी तिला हे ऐकवले.

तर बाई असून मी ही गाणी कशी ऐकते? निवडून ऐकते, काही ठिकाणी टेप बंद करते, आणि ज्याने मला दुखावले त्याच्याच तोंडून कळलेले नाव विसरत नाही. त्या विद्यार्थिनीला मी पुढच्या आठवड्यात कॉलेजात ती जुनी वही आणून दाखवणार आहे. पेन्सिलीची अक्षरे आता फिकट झाली आहेत. लटाशा हार्लिन्सच्या पुढचे प्रश्नचिन्ह मी कधीच खोडले. त्या जागी शाईने तिचे वय आणि तारीख लिहिली आहे.