तुम्ही विचारलंत म्हणून: मी एनसीएत नाही

"पोराचं खातं बँकेने बंद केलंय. तुम्ही त्या एनसीएत आहात ना? जरा आत विचारून सांगा की."

वर्षातून चार-पाचदा तरी असा फोन येतो. मुलगा किंवा मुलगी ब्रिटनमध्ये शिकायला आलेली असते आणि माझा नंबर कुणाच्या तरी मावसभावाने दिलेला असतो. तेव्हा एकदाच सविस्तर सांगून टाकतो.

मी तिथे नाही. मी इथल्या एका बँकेत संशयास्पद व्यवहार तपासणाऱ्या विभागात बसतो. नॅशनल क्राइम एजन्सी, म्हणजे एनसीए, ऑक्टोबर २०१३ मध्ये सुरू झाली. संघटित टोळ्या, अमली पदार्थ, माणसांची तस्करी, काळा पैसा हा तिचा प्रांत. इथली वर्तमानपत्रं तिला 'ब्रिटनची एफबीआय' म्हणतात, आपली माणसं 'तिथली सीबीआय'. दोन्ही अर्धंच खरं. एफबीआयसारखा दहशतवादाचा तपास तिच्याकडे नाही. पण सीबीआयला राज्यात तपास करायचा तर एरवी त्या राज्याची संमती लागते. एनसीएचा प्रमुख मात्र इंग्लंडमधल्या एखाद्या पोलीस दलाच्या प्रमुखाला अमुक काम हाती घ्या, असं फर्मावू शकतो. शिवाय तिच्या एकाच अधिकाऱ्याला पोलीस, कस्टम्स आणि इमिग्रेशन असे तिन्हींचे अधिकार देता येतात.

पहाटे दार फोडून आत शिरणारी एनसीए तुम्ही बातम्यांत बघता. मला दिसते ती कागदावरची. प्रोसीड्स ऑफ क्राइम हा २००२ चा कायदा सांगतो की पैशाच्या उगमाबद्दल शंका आली तर बँकेने एनसीएला कळवायचं. असे अहवाल वर्षाला आठ लाखांहून जास्त जातात. वकील, हिशेबनीस, इस्टेट एजंटही पाठवतात, पण मुख्य ढीग बँकांचाच. खरं सांगायचं तर त्यातले बरेचसे आम्ही आपली कातडी वाचवायला पाठवतो. न कळवल्याबद्दल पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, जास्त कळवल्याबद्दल कुणी रागावत नाही.

शंकेमुळे अडकलेली रक्कम सोडायची असेल तर एनसीएकडे परवानगी मागायची आणि कामकाजाचे सात दिवस थांबायचं. त्यात उत्तर आलं नाही तर होकार धरायचा. नकार आला तर आणखी ३१ दिवस, आणि कोर्टाने मुदत वाढवली तर प्रकरण सहा महिन्यांवरही जातं. एवढ्या दिवसांत ग्राहक रोज फोन करतो. कुणाची फी थकलेली असते, कुणाचा घराचा सौदा मोडायला आलेला असतो. त्याला खरं कारण सांगितलं तर तो 'टिपिंग ऑफ'चा, म्हणजे संशयिताला सावध करण्याचा गुन्हा, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. इथे एखादा किस्सा रंगवून सांगितला असता, पण मला नोकरी टिकवायची आहे.

एक गैरसमज मात्र दूर करतो. खातं बंद करणं हा बहुतेक वेळा बँकेचा स्वतःचा निर्णय असतो, एनसीएचा हुकूम नव्हे. खातं गोठवायचं तर तिलाही कोर्टातून आदेश आणावा लागतो.

आता मुलांचं. घरून फी पाठवायची असते. बँकेपेक्षा चांगला दर देणारा एक 'ओळखीचा माणूस' भेटतो. तुम्ही त्याला इकडे रुपये देता, तिकडे मुलाच्या खात्यात पौंड पडतात. सगळे खूश. फक्त ते पौंड कुणीतरी अमली पदार्थ विकून जमवलेली रोकड असू शकते, थोडी थोडी करून वेगवेगळ्या गावांतल्या शाखांत भरलेली. पोरगा राहतो लेस्टरला आणि त्याच्या खात्यात एकाच दुपारी लीड्स, ब्रिस्टल, लंडनहून रोख जमा! याला इथे 'कुकू स्मर्फिंग' म्हणतात. कोकिळेचं अंडं कावळ्याच्या घरट्यात. कावळ्याला पत्ताच नसतो. २०१९ च्या सुरुवातीला एनसीएने एका झटक्यात ९५ खाती गोठवून घेतली, त्यांत ३६ लाख पौंडांच्या आसपास रक्कम होती आणि बरीचशी खाती परदेशी विद्यार्थ्यांची होती.

"आणि मोठे मासे?" हा पुढचा प्रश्न, आणि तो रास्तच आहे. २०१८ पासून 'एवढी संपत्ती आली कुठून ते सांगा' असा आदेश एनसीएला हायकोर्टातून मिळवता येतो. पहिला आदेश निघाला तो अझरबैजानच्या एका सरकारी बँकेच्या माजी अध्यक्षाच्या पत्नीवर. बाईंनी दहा वर्षांत हॅरॉड्स या लंडनच्या महागड्या दुकानात १ कोटी ६० लाख पौंडांहून जास्त खरेदी केली होती. पण २०२० मध्ये लंडनमधल्या घरांच्या दुसऱ्या एका प्रकरणात एनसीए हरली आणि समोरच्यांच्या वकिलांचं सुमारे १५ लाख पौंडांचं बिल तिच्या गळ्यात पडलं. विद्यार्थी इतके महागडे वकील लावत नाहीत. २०२२ मध्ये कायदा बदलून खर्चाची ही भीती कमी केली खरी, तरी मला वाटायचं ते वाटतंच.

तर फोनवर मी त्या ओळखीच्या माणसाबद्दल विचारतो, खात्यात रोख कुणी भरली याची नोंद काढायला सांगतो, बँकेकडे रीतसर तक्रार करा म्हणतो. 'नेमकं झालंय काय' याला माझं उत्तर ठरलेलं: मला माहीत नाही.

परवा एक काकू वैतागून म्हणाल्या, "वीस वर्षं बँकेत काढलीत आणि एवढंही माहीत नाही?"

"नाही हो काकू," म्हटलं.