पैठण, कपिलधार, सौताडा, नळदुर्ग: ट्रायपॉड खांद्यावर घेऊन केलेली फेरी, आणि कोणते पाय कोणतं हेड घ्यावं

सप्टेंबरच्या शेवटी, पाऊस उघडीप देतो तेव्हा, मराठवाड्यात लँडस्केप काढायला निघावं असं माझं ठाम मत आहे. लोक म्हणतात इकडं काय आहे, सगळं सपाट आणि कोरडं, पण त्या दिवसात येऊन बघा म्हणजे कळतं. संभाजीनगरहून पैठण, तिथून बीडकडं कपिलधार आणि सौताडा, मग महामार्गानं धाराशिव, तुळजापूर करत नळदुर्ग अशी फेरी मी आणि माझा मावसभाऊ मिळून करून आलो. जागा कशा आहेत ते सांगतोच, पण त्याहून जास्त ट्रायपॉडबद्दल, म्हणजे त्याचे पाय आणि वर कॅमेरा धरणारं हेड यांबद्दल सांगायचंय, कारण या चार जागांनी ट्रायपॉडची जेवढी परीक्षा घेतली तेवढी दुकानात उभं राहून कधीच होत नाही. दुकानात सगळे वजन विचारतात, किती किलोचा आहे, बॅगेत बसतो का. मी म्हणतो आधी विचारा की तो कुठं उभा राहणार आहे. चिखलात, ओल्या खडकावर का वाऱ्यात.

पैठणला नाथसागरच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या काठाला संध्याकाळी जा. धरण पूर्वेला आणि पाणी पश्चिमेकडं पसरलेलं, त्यामुळं सूर्य थेट पाण्यावर मावळतो. जायकवाडीचं उद्घाटन १९७६ चं, २७ दरवाजे, मातीची भिंत जवळजवळ १० किमी लांब. भिंतीवर ट्रायपॉड घेऊन जायचा विचार करू नका, तिथं सुरक्षा असते. गावांकडून काठाला उतरणाऱ्या वाटा धरा आणि शेतातून जायचं असेल तर आधी मालकाला विचारा, त्या दिवसात सोयाबीन काढणीला आलेलं असतं, एक पाय चुकीचा पडला तरी शेंगा फुटतात. आम्ही ट्रायपॉड उभा केला तसे एक काका लांबून चालत आले, "मोजणी चालूय का काय?" म्हणाले. फोटो काढतोय म्हटल्यावर त्यांचा चेहरा मोकळा झाला. तीन पायाचं काहीतरी उभं केलं की इकडं लोकांना रस्त्याची नाहीतर जमिनीची मोजणी आठवते, आणि जमीन जायची भीती खरी असते, म्हणून लेन्स लावायच्या आधी माणसांशी बोला, नाव-गाव सांगा, स्क्रीनवर एखादा फोटो दाखवा.

आता काठाची माती. काळी, खोल आणि वरून वाळल्यासारखी दिसली तरी खाली लोण्यासारखी. ट्रायपॉड ठेवला की स्थिर वाटतो, पण एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी काळसर काच) लावून ३० सेकंदाचं एक्स्पोजर चालू केलं की तेवढ्या वेळात पाय हळूहळू खाली बसतात आणि फोटो सगळीकडून थोडाथोडा मऊ येतो, फोकस चुकलाय असंच वाटतं. यावर उपाय म्हणजे फ्रेम लावायच्या आधीच प्रत्येक पाय हातानं जोर देऊन दाबायचा, जाईल तेवढा जाऊ द्यायचा, मग लेव्हल करायची. रबरी बूट काढून आत खिळे निघणारे पाय असतील तर ते इथं कामाचे. खिळे नसतील तर चपटे दगड किंवा बरणीची झाकणं पायाखाली घाला, भार पसरतो. चिखलात १० सेकंदाचा टायमर लावा, २ चा नको, बटण दाबल्यावर सगळं शांत व्हायला वेळ लागतो.

अजून एक गोष्ट कुणी सांगत नाही. कोरड्या जमिनीवर आपण वरचे जाड भाग आधी उघडतो आणि सगळ्यात बारीक भाग शेवटी, ते बरोबरच आहे. पण चिखलात किंवा पाण्यात उभं राहायचं असेल तर उलटं करायचं, सगळ्यात खालचा भाग आधी पूर्ण बाहेर काढायचा, म्हणजे त्याचं लॉक चिखलाच्या वर राहतं. आमच्या बाजूला एकजण फिरवायच्या लॉकचा ट्रायपॉड घेऊन उभा होता, खालचं लॉक गाळात बुडालेलं, निघताना ते फिरेना, आत रेती गेलेली. फिरवायचे लॉक वाईट नाहीत, बारीक असतात, कुठं अडकत नाहीत, पण ते उघडून धुवायची तयारी पाहिजे. खटक्याचे लॉक चिखलात सोपे, आतलं काय चाललंय ते बाहेरून दिसतं, सैल झाले तर बहुतेकांत स्क्रू आवळता येतो. या भागात वर्षभर फिरायचं असेल तर मी खटक्याच्या बाजूनं.

दुसऱ्या दिवशी बीड करून मांजरसुंब्याकडं, कपिलधार. मन्मथस्वामींची समाधी आहे तिथं, कार्तिक पौर्णिमेला मोठी यात्रा भरते, आणि पावसाळ्यात मंदिराजवळच धबधबा कोसळतो. गर्दी असते, लोक दर्शनाला आलेले असतात, वाटेत ट्रायपॉडचे पाय पसरू नका, सकाळी लवकर जा आणि एका कडेला खाली बसून काढा. म्हणूनच पाय वेगवेगळ्या कोनात उघडणारा ट्रायपॉड पाहिजे, एक पाय खडकावर वर, दोन खाली, कॅमेरा गुडघ्याएवढ्या उंचीवर. मधला दांडा (कॅमेरा अजून वर उचलणारा) लांब असेल तर एवढं खाली जाताच येत नाही, तो जमिनीला टेकतो. काहींमध्ये तो काढता येतो किंवा दोन तुकड्यात असतो, घेताना तेवढं बघाच. इथला खडक बेसाल्ट, शेवाळलेला, त्यावर खिळे सटकतात. इथं रबर. म्हणजे एकाच फेरीत दोन्ही लागतात.

पाणी रेशमासारखं यायला अर्धा ते एक सेकंद पुरतो, त्याच्या पुढं पाण्यातली नक्षी जाते आणि नुसता पांढरा पट्टा राहतो. पोलरायझर लावा, ओल्या दगडावरची आणि पानांवरची चमक जाते आणि दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे निम्मा) प्रकाशही कमी होतो, सकाळी तेवढ्यात काम भागतं. लेन्सचं किंवा बॉडीचं स्टॅबिलायझेशन (हात हलला तर चित्र सावरणारी सोय) बंद करायला विसरू नका, नव्या कॅमेऱ्यांना ट्रायपॉड ओळखता येतो पण सगळ्यांना नाही. आरशाचा कॅमेरा (डीएसएलआर) असेल तर मिरर लॉकअप, म्हणजे आरसा आधीच वर करून ठेवायची सोय वापरा, कारण आरसा उडाल्याचा हादरा साधारण १/३० ते १ सेकंदाच्या मधल्या शटरला जास्त दिसतो आणि धबधबा नेमका त्याच पट्ट्यात काढायचा असतो.

तिथून पाटोदा रस्त्यानं सौताडा. विंचरणा नदी पठारावरून सरळ दरीत उडी घेते, खाली रामेश्वराचं मंदिर, उतरायला पायऱ्या. दोन्हीकडून काढा, वरून आणि खालून. वरून काढताना कठड्याच्या आत राहा, कडेची माती पावसानं भुसभुशीत असते. आणि वारा! या पट्ट्यातल्या माळावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. मावसभावाचा ट्रायपॉड प्रवासाचा, पाच भागांचा, एकदम हलका, खालची नळी बोटाएवढी. तो पूर्ण उघडून मधला दांडाही वर ओढला की लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवरचं थेट चित्र) झूम करून बघताना चित्र थरथरताना दिसत होतं. मग त्याचे खालचे दोन भाग बंदच ठेवले, दांडा खाली घेतला, कॅमेऱ्याचा पट्टा काढून ठेवला कारण तो वाऱ्यात फडफडतो, आणि दोघं वाऱ्याच्या बाजूला आडोसा करून उभे राहिलो. फोटो खणखणीत आले. बॅग हुकला टांगायची असेल तर अशी टांगा की तिचा तळ जमिनीला टेकेल, नाहीतर ती झोके घेते आणि त्रास वाढतो.

यावरून उंचीचा हिशोब सांगतो. मधला दांडा मी उंचीत धरतच नाही. तुमची उंची १७० सेमी असेल तर डोळे साधारण १५८-१६० वर, त्यातून कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरपर्यंतचे आणि हेडचे मिळून २० सेमी वजा करा, म्हणजे नुसते पाय १४० सेमीच्या आसपास उघडले पाहिजेत. उतारावर एक पाय खाली जातो म्हणून थोडे जास्त असले तर चांगलंच. तीन भागांचा ट्रायपॉड जास्त ताठ, पण घडी लांब, एसटीत आणि बाईकवर जड जातो. चार भाग हा मला योग्य तोडगा वाटतो. पाच भाग फक्त विमानानं फिरणाऱ्यांनी घ्यावा.

सौताड्याचा धबधबा उभा आहे, म्हणजे फ्रेमही उभी. बॉल हेड (गोळ्यावर सगळीकडं फिरणारं) कडेच्या खाचेत पाडून कॅमेरा उभा केला की सगळं वजन एका बाजूला लटकतं, स्क्रू आवळला तरी नाक हळूच खाली झुकतं. त्यावर एल ब्रॅकेट, म्हणजे कॅमेऱ्याच्या तळाला आणि बाजूला बसणारी एल आकाराची पट्टी, हा खरा इलाज आहे, कॅमेरा काढून उभा लावायचा, वजन मधोमधच राहतं. मात्र प्लेट (कॅमेऱ्याखाली लावून हेडमध्ये अडकवायची पट्टी) आर्का-स्विस पद्धतीचीच घ्या, साधारण ३८ मिमी रुंदीची, एल ब्रॅकेट जवळपास सगळे त्याच मापाचे मिळतात. कंपनीची स्वतःची वेगळी प्लेट असलेलं हेड स्वस्तात मिळालं तरी प्लेट हरवली की फेरी संपली. पाय आणि हेड वेगवेगळ्या कंपनीचे चालतात, मधला स्क्रू बहुतेक ३/८ इंचाचा असतो, कॅमेऱ्याचा १/४ इंचाचा, त्यामुळं आज पाय आणि वर्षभरानं चांगलं हेड असं टप्प्यानं घेता येतं.

तिसरा मुक्काम नळदुर्ग. तुळजापूरहून साधारण ३५ किमी, सोलापूर-हैदराबाद महामार्गाला लागूनच. बोरी नदीवर किल्ल्यातच बंधारा बांधलाय आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल, १६१३ चा, आदिलशाही काळातला. बंधारा भरला की सांडव्यावरून नर आणि मादी असे दोन धबधबे पडतात आणि तुम्ही महालात बसून पडद्याच्या मागून ते पाणी बघता, एवढी अक्कल चारशे वर्षांपूर्वी कुणीतरी लावलीय हे बघून मला दरवेळी उर भरून येतो. पण ते बोरीला पाणी किती आलंय त्यावर आहे, म्हणून निघायच्या आधी तिथल्या हॉटेलवाल्याला नाहीतर ओळखीच्या माणसाला फोन करून सांडवा चालूय का विचारा. ट्रायपॉडला चालतं का ते तिकीट घेतानाच विचारून घ्या. वेरूळ, देवगिरी, अजिंठ्याला जाणार असाल तर तिथं पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय ट्रायपॉड लावू देत नाहीत, गेटवर वाद घालून काही होत नाही.

नळदुर्गला मला बॉल हेडची मर्यादा जाणवते. बुरूज, कमानी, तट, सगळ्या सरळ रेषा. बॉल सैल केला की तिन्ही दिशा एकदम सुटतात, आडवं नीट करायला गेलं की उभं बिघडतं. तीन मुठीचं पॅन-टिल्ट हेड असेल तर एकेक दिशा वेगळी लावता येते. गिअर हेड तर त्याहून सुंदर, मूठ फिरवली की केसाएवढं सरकतं, पण जड आणि महाग. ज्यांचे फोटो जास्त करून किल्ले, मंदिरं, बारवांचे असतील त्यांनी पॅन-टिल्टच घ्यावं, मुठी बॅगेत टोचतात तेवढं सोसावं. डोंगर-पाणी-आभाळ असेल तर बॉल हेड, गोळा ३६ ते ४० मिमीचा, घर्षण कमीजास्त करायचा वेगळा स्क्रू असलेला, आणि खाली फिरायला वेगळं लॉक असलेला.

किती किलो पेलतं याचे आकडे कंपन्या आपापल्या पद्धतीनं मोजतात, ते एकमेकाशी ताडून बघण्यात अर्थ नाही. कॅमेरा-लेन्स मिळून दीड किलो असेल तर निदान त्याच्या तिप्पट आकडा असलेलं घ्या. दुकानात परीक्षा सोपी आहे, आपलाच कॅमेरा लावा, लांबातली लांब लेन्स लावा, पाय पूर्ण उघडा, लाइव्ह व्ह्यू झूम करा आणि पायाला टिचकी मारा. थरथर किती वेळात थांबते ते बघा. मग हेड आवळताना फ्रेम सरकते का बघा.

कार्बन की ॲल्युमिनियम, हे सगळे विचारतात. कार्बन हलका आणि थरथर लवकर जिरवतो, पण किंमत बऱ्याचदा दुप्पट, आणि दगडावर जोरात आपटला तर तडा जाऊ शकतो, ॲल्युमिनियमला नुसता पोचा पडतो. पैसे बेताचे असतील तर माझं सांगणं स्पष्ट आहे, जाड नळ्यांचे ॲल्युमिनियमचे पाय घ्या आणि वाचलेले पैसे हेडमध्ये घाला. बारीक कार्बनचे पाय आणि वर कसलंतरी हेड हा सगळ्यात वाईट सौदा.

फेरीची वेळ ठरवताना नवरात्र कधी आहे ते बघा. त्या दिवसात तुळजापूरच्या सगळ्या रस्त्यांना ज्योत घेऊन पळणारी आणि पायी चालणारी मंडळी असतात, कोजागरीपर्यंत गर्दी राहते, गाडी हळू चालवा आणि मुक्कामाला खोली मिळेल असं धरू नका, धाराशिवला किंवा सोलापूरला राहा. गवत कमरेएवढं असतं, बूट घाला, पहाटे टॉर्चशिवाय बांधावरून चालू नका. घरी आल्यावर ट्रायपॉड त्याच दिवशी धुवा, काळी माती वाळली की लॉकमधून निघत नाही. सगळे पाय उघडायचे, साध्या पाण्याखाली धरायचे, जुन्या टूथब्रशनं आटे साफ करायचे, उघडेच ठेवून रात्रभर वाळवायचे, आणि पूर्ण सुकल्याशिवाय पिशवीत घालायचा नाही.